पुस्तकाच्या आधी आलेले वाचक

“लिहिलंय चांगलं. पण हे घेणार कोण?”

एका प्रकाशकांनी फोनवर विचारलेला हा प्रश्न रास्त होता. लहान मुलांना घेऊन हिंडणाऱ्या आईबापांसाठी पुस्तक, तेही जबलपूरच्या आसपासच्या मुलखाचं, आणि तेही मराठीत. विक्रेत्याचं कमिशन, गोदामाचं भाडं, दुकानांतून परत येणारे गठ्ठे हा सगळा हिशेब प्रकाशकाला आधीच मांडावा लागतो. माझा वाचक दुकानात शिरणाऱ्यांतला नव्हता. तो नागपूर-अमरावतीला होता, इंदूर-रायपूरला होता, पुण्यात भाड्याच्या घरात तान्हं मूल सांभाळत होता, नाहीतर परदेशातून सुट्टीला आजोळी येत होता. इतका पांगलेला वाचक प्रकाशकाला दिसणं कठीण. मला तो दिसत होता, कारण तो मला सारखा प्रश्न विचारत होता.

जबलपूरच्या मराठी घरांना पाहुण्यांची सवय आहे. १७९८ नंतर हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता, १८१७ मध्ये तो इंग्रजांनी घेतला. रेल्वे आली, १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली आणि नोकरीच्या निमित्ताने मराठी माणसं येत राहिली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उच्च न्यायालय नागपूरहून इथे आलं. आमचे आजेसासरे त्या न्यायालयाबरोबरच बिऱ्हाड घेऊन आले. त्यामुळे विदर्भातली सोयरीक दिवाळीत नाहीतर मे महिन्यात आमच्याकडे उतरते, आणि उतरण्याआधी फोन येतो. धुआंधार धबधब्यापर्यंत बाबागाडी ढकलत नेता येते का? कान्हाच्या जंगलात जिप्सीत तीन वर्षांचं मूल टिकेल का? ग्वारीघाटावरून होडीने नर्मदेपलीकडे गेलो तर बाळाला पाजायला आडोसा मिळेल का? पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलीचं तिकीट अर्धं काढायचं की पूर्ण?

मी उत्तरं देत गेले आणि वहीत लिहून ठेवत गेले. रेल्वेचंच घ्या. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा या वयात बर्थ नको असेल तर अर्धं भाडं. बर्थ हवी असेल तर एप्रिल २०१६ पासून मोठ्या माणसाइतकंच पूर्ण भाडं. हे नियम छापलेले आहेत, पण अर्ध्या भाड्यातलं सहा वर्षांचं मूल रात्रभर आईच्या बर्थवर झोपतं तेव्हा आई बसून राहते, हे नियमात लिहिलेलं नसतं. मे २०२२ मध्ये लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बर्थला जोडलेली छोटी ‘बेबी बर्थ’ प्रयोग म्हणून लावली होती. ती बातमी वाचून मला फार आनंद झाला होता, कारण रेल्वेच्या डब्याचा आराखडा करताना कुणीतरी तान्ह्या मुलाचा विचार केला होता. असा विचार प्रवासाच्या पुस्तकांतही व्हायला हवा, हे तेव्हापासून डोक्यात होतं.

नर्मदेवर मराठीत किती लिहिलं गेलंय! गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आहे, जगन्नाथ कुंटे यांचं ‘नर्मदे हर हर’ आहे. आमच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांपैकी निम्म्यांच्या पिशवीत यांतलं एखादं असतंच. पण परिक्रमेला निघालेला माणूस घर मागे ठेवून निघतो. माझं घर माझ्या कडेवर होतं. धाकटा दुधासाठी रडत असे आणि थोरलीला दर वळणावर “अजून किती?” विचारायचं असे. अशा प्रवासाला जो गुरू लागतो तो मला आमच्याच गावात सापडला. अमृतलाल वेगड, शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार, जबलपूरचे रहिवासी. १९७७ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी नर्मदेच्या काठाने चालायला सुरुवात केली, पण सलग नाही. नोकरी सांभाळून, सुट्ट्या मिळतील तशी, तुकड्यातुकड्यांनी. पुढे उतारवयात त्यांची पत्नी कांताबेनही बरोबर चालल्या. २०१८ मध्ये वेगड गेले. नदी १३१२ किलोमीटर लांब आहे म्हणून ती एका दमात पाहिली पाहिजे असं नाही, हे मी त्यांच्याकडून घेतलं. लहान मुलांबरोबरचा प्रवास असाच करता येतो. एका वेळी एक घाट, एक टेकडी, एक स्टेशन. उरलेलं पुढच्या सुट्टीत.

वहीतलं सगळ्यात जाड प्रकरण डायनोसॉरचं झालं. जबलपूरला येणाऱ्या आईबापांना संगमरवरी खडक माहीत असतात, मदनमहालाजवळचा तोल सांभाळून बसलेला दगड माहीत असतो, मे १९९७ च्या भूकंपातही तो पडला नाही हे रिक्षावाला सांगतो. पण आशियातली डायनोसॉरची पहिली हाडं याच गावात सापडली, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १८२८ मध्ये कॅप्टन विल्यम स्लीमन यांना, ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध झाले तेच, छावणीजवळच्या बडा शिमला टेकडीच्या बाजूला मोठे अश्मीभूत मणके सापडले. ते कशाचे हे कळायला जवळजवळ पन्नास वर्षं गेली. १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी त्या प्राण्याला ‘टायटनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिलं. पुढे ती हाडं संग्रहांच्या गर्दीत दिसेनाशी झाली आणि २०१२ मध्ये कोलकात्याला भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या संग्रहात पुन्हा सापडली. सहा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सांगून बघा. हरवलेलं हाड शोधायला ते लगेच निघतं.

आम्ही थोरलीला लम्हेटाघाटावर नेलं तेव्हा आधी ही गोष्ट सांगून नेलं. त्या घाटाच्या नावावरूनच भूशास्त्रात ‘लमेटा’ खडकांचा थर ओळखला जातो. याच थरात जबलपूरच्या आसपास डायनोसॉरची अंडी आणि घरटी सापडली आहेत. घाटावर तुम्हाला दाखवायला कुणी उभं नसतं. नुसता घाट पाहायला नेलं असतं तर पोर पाच मिनिटांत कंटाळली असती. गोष्ट ऐकून गेली म्हणून तासभर दगड निरखत बसली. (एकही उचलायचा नाही, हा नियम घरातच ठरवून निघायचं, तिथे सांगून उपयोग नसतो.) पुढच्या सुट्टीत डिंडोरी जिल्ह्यातलं घुघवा. तिथे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ताडामाडांचे दगड झालेले बुंधे उघड्यावर उभे आहेत. मूल त्यांना हात लावून “हे झाड आहे की दगड?” विचारतं, आणि या वयात पडू शकणाऱ्या प्रश्नांतला तो सर्वांत चांगला प्रश्न आहे, असं माझं मत आहे.

उलट कान्हाबद्दल मी पुस्तकात स्पष्ट लिहिलं की चार वर्षांखालच्या मुलाला डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेच्या सफारीला नेऊ नका. उघड्या जिप्सीत, गोठवणाऱ्या वाऱ्यात, गप्प बसून वाघाची वाट पाहणं हे त्याचं काम नाही. दुपारची फेरी घ्या, पण बुधवारी दुपारी उद्यान बंद असतं आणि जुलै ते सप्टेंबर पूर्ण बंद असतं, हे पाहून ठरवा. मुलाला वाघाचं आमिष दाखवून नेऊ नका, बारशिंगा दाखवायला न्या. १९७० च्या सुमारास कान्हात जेमतेम ६६ उरलेले हे हरीण तिथल्या माणसांनी जिद्दीने वाचवलं, आणि २०१७ पासून ‘भूरसिंग’ नावाचा बारशिंगा हेच कान्हाचं बोधचिन्ह आहे. वाघ दिसला नाही तर मूल हिरमुसतं. बारशिंगा कान्हात बहुधा दिसतोच.

तर अशी ही वही. ती वाचून प्रकाशकांनी तो प्रश्न विचारला, आणि मी ठरवलं की घेणार कोण हे आधी शोधायचं, मग छापायचं. घेणाऱ्यांनी पैसे आधी द्यायचे.

आज याला क्राउडफंडिंग म्हणतात आणि ही पद्धत अमेरिकेतून आली असं वाटतं, पण मराठी पुस्तकांना ती मुळीच नवी नाही. आगाऊ वर्गणीदार गोळा करून ग्रंथ काढायचा रिवाज आपल्याकडे जुना आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचं काम नागपुरातून उभं केलं, त्यासाठी रीतसर कंपनी काढली, गावोगावी भागधारक आणि वर्गणीदार मिळवले, आणि तेवीस खंड पुरे केले. तेव्हा जबलपूरही त्याच मध्यप्रांतात होतं. १९७४ मध्ये मुंबईत ‘ग्रंथाली’ सुरू झाली ती वाचक चळवळ म्हणूनच. वाचकांनी सभासद होऊन आधी पैसे भरायचे आणि त्या बळावर स्वस्तात चांगली पुस्तकं काढायची. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये ग्रंथालीनेच काढलं. जे पुस्तक बाजाराच्या तराजूत बसत नाही त्याला वाचकाने आधी हात द्यायचा, ही रीत आपल्या घरचीच आहे. हे आठवल्यावर पैसे मागायचा संकोच बराच कमी झाला.

इंटरनेटवरच्या सोयीही पाहिल्या. ‘किकस्टार्टर’ २००९ पासून चालू आहे, पण भारतात राहून तिथे स्वतःच्या नावाने मोहीम उघडता येत नव्हती. आपल्याकडच्या ‘मिलाप’ आणि ‘केटो’वर मुख्यतः आजारपणाच्या खर्चासाठी आवाहनं असतात. शेजारी एखाद्या बाळाच्या शस्त्रक्रियेसाठी मदत मागितलेली असताना मी प्रवासाच्या पुस्तकासाठी पैसे मागावेत हे मला पटलं नाही. कला आणि पुस्तकांसाठी ‘विशबेरी’ होतं, आणि ठरलेली सगळी रक्कम जमली तरच पैसे मिळतील, नाहीतर देणाऱ्यांना परत, हा तिथला नियम मला फार योग्य वाटला. कन्नड दिग्दर्शक पवन कुमार यांचा ‘लुसिया’ हा २०१३ चा चित्रपट प्रेक्षकांच्या पैशातून उभा राहिला तेव्हापासून अशा मोहिमांची चर्चा आपल्याकडे होऊ लागली. पण माझे अर्धे वाचक आजी-आजोबा होते. त्यांना संकेतस्थळावर खातं उघडून, कार्डाचा नंबर घालून, पैसे द्यायला लावणं म्हणजे त्यांना दारातूनच परत पाठवणं झालं असतं. म्हणून तो नियम तेवढा उचलला आणि काम स्वतः केलं. वेगळं बँक खातं, एक क्यूआर कोड, एक पावतीपुस्तक. ठरलेल्या तारखेपर्यंत रक्कम जमली नाही तर प्रत्येकाचे पैसे परत, हे पावतीवरच छापलं.

रक्कम किती, हा हिशेब मी सगळ्यांना दाखवला होता, तसाच इथेही मांडते. डेमी आकार, बारा फर्मे म्हणजे १९२ पानं, ७० जीएसएमचा मॅपलिथो कागद, रंगीत मुखपृष्ठ, आणि शिलाईची बांधणी. शिलाईचा आग्रह माझा होता. नुसत्या गोंदाने चिकटवलेलं पुस्तक दोन वर्षांच्या मुलाच्या हातात एक दिवसही टिकत नाही. ऑफसेटवर शंभर प्रती काढा की पाचशे, प्लेट तेवढ्याच लागतात, त्यामुळे पाचशेच्या खाली गेलं की दर प्रतीची किंमत एकदम चढते. नागपूरच्या छापखान्याने पाचशे प्रतींचे ६५,००० रुपये सांगितले. चित्रकाराचे २०,०००, मुद्रितशोधनाचे १०,०००, बांधाबांध आणि टपालखर्चाचे २०,०००, आणि अडीअडचणीला ५,०००. एकूण १,२०,०००. तीनशे रुपयांप्रमाणे चारशे वर्गणीदार मिळाले की पुस्तक उभं राहतं. उरलेल्या शंभर प्रती वाचनालयांना, शाळांना आणि किरकोळ विक्रीला. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो आणि छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे तिथे काही धरावं लागलं नाही. माझ्या लेखनाचं मानधन या हिशेबात नाही. ते विक्री झाली तर नंतर घ्यायचं, वर्गणीतून नाही, हे घरात एकमताने ठरलं.

पैसे मागायला सुरुवात गणपतीत केली. मंडपात आरतीनंतर दोन मिनिटं बोलायला मिळत. सासूबाई माझ्यापेक्षा धीट. त्या ओळखीच्या प्रत्येकीला गाठून सांगत, “अगं, आमच्या सुनेनं मुलांच्या प्रवासाचं पुस्तक लिहिलंय. नातवासाठी घे. पैसे आत्ता, पुस्तक नंतर. नाही निघालं तर तुझे पैसे मी देईन.” या शेवटच्या वाक्यावर लोक पैसे देत. पडद्यावरचं आवाहन वाचून देणारेही पुष्कळ होते, पण ते बहुतेक बाहेरगावचे. गावातल्यांनी दिले ते माणूस पाहून. फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक काका पाकीट घेऊन घरी आले आणि म्हणाले, “पोरी, माझी नात पुण्याला असते. चार वर्षांची झाली, अजून इथे आली नाही. तुझं पुस्तक तिच्या बापाला पाठव, म्हणजे कसं यायचं ते त्याला कळेल.” त्यांनी दोन प्रतींचे पैसे दिले, एक मुलाला आणि एक स्वतःला.

पण या सगळ्यात मला जे मिळालं ते पैशापेक्षा मोठं होतं, आणि तेच सांगण्यासाठी हे लिहायला बसले. पावतीच्या मागच्या बाजूला आम्ही तीन ओळी मोकळ्या ठेवल्या होत्या. मुलांची वयं आणि प्रवासात पडलेला एक प्रश्न. पैसे भरणाऱ्याने प्रश्न लिहायचा. त्या पावत्यांच्या स्थळप्रती पुढे टेबलावर पसरून मी अख्खं पुस्तक पुन्हा लिहिलं.

अमरावतीच्या एका बाबांनी विचारलं की त्यांची मुलगी चाकाच्या खुर्चीवर असते, तिला नर्मदा कुठून दाखवता येईल. माझ्या वहीत याचं उत्तर नव्हतं. मी आणि नवरा प्रत्येक घाटावर पुन्हा गेलो आणि या वेळी नदी न पाहता वाट पाहिली. चौसष्ट योगिनी मंदिराला शंभराच्या वर पायऱ्या आहेत, तिथे उचलून नेण्यावाचून मार्ग नाही. धुआंधारकडे जाणारी वाट दुकानांमधून उतरते. कुठपर्यंत खुर्ची जाते आणि कुठे दोन माणसं लागतात ते पाहिलं. होडीत चढताना खुर्ची घडी करून ठेवायला नावाडी किती वेळ देतात, ते विचारलं. पावसाळ्यात नौकाविहार बंद असतो, म्हणजे त्या महिन्यांत तर किनाराच हाती राहतो, म्हणून पावसाळ्यासाठी वेगळ्या जागा हेरल्या. यातून ‘पायऱ्या’ नावाचं प्रकरण झालं. ते चाकाच्या खुर्चीसाठी लिहिलं, पण बाबागाडी ढकलणाऱ्या आयांनी आणि गुडघे दुखणाऱ्या आज्यांनी तेच सर्वांत जास्त वापरलं असं मला पुढे अनेकांनी कळवलं.

एका ताईंनी फक्त एवढंच लिहिलं होतं, “पाजायला जागा.” बाकी पावती कोरी. मी नदीकाठच्या आणि रस्त्यावरच्या अशा जागा नव्याने शोधल्या जिथे बाई विचारल्याविना बसू शकते. देवळाची ओवरी, गुरुद्वारा, चहाच्या दुकानामागची मालकिणीची खोली. ग्वारीघाटाच्या पलीकडच्या तीरावर गुरुद्वारा आहे. तिथे मूल मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला कुणी उठवत नाही. रेल्वेने २०१६ मध्ये ‘जननी सेवा’ या नावाने काही स्थानकांवर बाळांसाठी गरम दूध आणि पाणी द्यायला सुरुवात केली होती. अशी सोय असली तर उत्तम, पण निघण्यापूर्वी चौकशी करा आणि आपला थर्मास बरोबर ठेवाच, असं लिहिलं.

एका वडिलांची बायको गेलेली, दोन मुली लहान. त्यांचा प्रश्न वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. मुलींना स्वच्छतागृहात एकटं कसं पाठवायचं, हा तो प्रश्न. प्रवासाची किती पुस्तकं मी वाचली, पण वडील एकटे दोन मुलींना घेऊन निघालेत अशी कल्पनाच कुणी केलेली मला दिसली नाही. त्या प्रकरणात मी ओळखीच्या ढाब्यांवरच्या, पेट्रोल पंपांवरच्या, घाटांवरच्या बायकांशी बोलून लिहिलं. कुणाच्या हाती मूल द्यावं आणि काय विचारून द्यावं, एवढंच त्यात आहे.

आणि एका आजींनी लिहिलं, “अक्षर मोठं ठेवा. गाडी मुलगा चालवतो, सून पोरांना सांभाळते, पुस्तक मी वाचून दाखवणार.” हे इतकं खरं होतं की सगळा मजकूर अकरा पॉइंटांवरून तेरावर नेला. एक फर्मा वाढला, १९२ ची २०८ पानं झाली, आणि अडीअडचणीचे पाच हजार तिथे गेले. वर्गणीदारांना तसं कळवलं. एकानेही हरकत घेतली नाही. उलट काहींनी आपणहून वरचे पैसे पाठवले. ते मी घेतले नाहीत. ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त घ्यायचं नाही, यावर मी अडून राहिले आणि आजही माझं मत तेच आहे. लोक पुस्तकाला पैसे देतात, आपल्याला नाही.

याच काळात एका विश्रामगृहाच्या मालकांनी सगळा छपाईखर्च द्यायची तयारी दाखवली. अट एकच, मुक्कामाच्या प्रकरणात त्यांचं नाव पहिलं हवं. जागा वाईट नव्हती. पण ज्या आईने तीनशे रुपये देऊन “रात्री बाळाला गरम पाणी मिळेल का?” असं विचारलंय, तिला मी उत्तर कुणाच्या पैशावर देणार? आगाऊ वर्गणीचा हा फायदा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वाचकाने आधीच पैसे दिलेले असले की बाकी कुणाचं ऐकायची गरज उरत नाही. मी नम्रपणे नाही म्हटलं आणि वर्गणीदारांची यादी पुन्हा हातात घेतली.

पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याबद्दल मात्र मी फार आग्रहाने सांगेन. इंग्लंडमध्ये ‘अनबाउंड’ नावाची प्रकाशनसंस्था २०११ पासून वाचकांच्या आगाऊ पैशावर पुस्तकं काढत होती आणि तिने अनेक चांगली पुस्तकं दिली. २०२५ मध्ये ती आर्थिक अडचणीत येऊन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. लेखकांचे पैसे अडकले, काही वाचकांनी आधीच पैसे दिलेली पुस्तकंही लटकली. इतक्या नावाजलेल्या संस्थेचं असं होतं, तर एकट्या माणसाने जास्तच जपायला हवं. आमच्या खात्यातून घरखर्चाचा एक रुपयाही गेला नाही. दर महिन्याला एक कागद निघत असे. जमा किती, खर्च किती, कुणाला दिले, शिल्लक किती. तो व्हॉट्सअ‍ॅपवर जाई आणि ज्यांच्याकडे ते नाही त्यांच्यासाठी गोलबाजारातल्या दत्तमंदिरात आरतीच्या वेळी सासूबाई वाचून दाखवत. चारशेवा वर्गणीदार आला त्या दिवशीही तो कागद निघाला, आणि तेवढ्याच कोरडेपणाने.

छपाई नागपूरला केली. पुस्तकांचे गठ्ठे घेऊन नवरा आणि थोरली गाडीने परतले, धाकटा दारात उभा राहून गठ्ठे मोजत होता आणि त्याचे आकडे काही जमत नव्हते. गावातल्या प्रती आम्ही हातोहात पोचवल्या. बाहेरगावच्या टपालाने गेल्या. मे २०२५ पासून टपाल खात्याची ‘ज्ञानपोस्ट’ सेवा सुरू झाली आहे. त्यात ३०० ग्रॅमपर्यंतचं पुस्तकांचं पाकीट २० रुपयांत आणि पाच किलोपर्यंतचं १०० रुपयांत जातं, वर कर. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी ती आहे. छोट्या गावातून पुस्तक काढणाऱ्या कुणालाही ही मोठी मदत आहे, तिची माहिती खिडकीवर जाऊन नीट घ्यावी.

आता पुढचं काम. जबलपूरहून नैनपूर, बालाघाट करत गोंदियाला जाणारा सातपुड्यातला लोहमार्ग पूर्वी नॅरोगेज होता, आता ब्रॉडगेज झाला आहे. मराठी मुलूख आणि नर्मदा यांना जोडणारी ही सगळ्यात जवळची वाट. नैनपूरला जुन्या छोट्या गाडीचं संग्रहालयही आहे. या वाटेवर लहान मुलांना घेऊन कसं जावं, याचं पुस्तक मी लिहायला घेतलं आहे. याही वेळी आगाऊ वर्गणीच, हिशेब तसाच उघडा, आणि जमेल तेवढ्याच रकमेचं पुस्तक. पण पैशाची घाई नाही. नैनपूर, बालाघाट, गोंदिया, भंडारा भागात राहणाऱ्या किंवा तिकडून येणाऱ्या-जाणाऱ्या आईबापांना आणि आजी-आजोबांना माझी विनंती आहे की आधी प्रश्न पाठवा. कुठल्या स्थानकावर दूध मिळत नाही, कुठे पूल ओलांडायला पायऱ्याच आहेत, कुठे मुलं खेळतात, कुठे ती घाबरतात, ते लिहा. मुलांची वयं लिहा. पावती त्यानंतर फाडू.